बँकॉकमध्ये एकटे असताना पोट बिघडलं, तर तो दिवस कसा काढायचा

मुंबईहून रात्रीच्या विमानानं निघायचं, पहाटे सुवर्णभूमी विमानतळावर उतरायचं, न झोपता पहिला दिवस फिरण्यात घालवायचा, दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या गाड्यांवर मनसोक्त खायचं आणि तिसऱ्या पहाटे पोटात मुरडा येऊन जाग येते. बँकॉकला पहिल्यांदा एकट्यानं जाणाऱ्यांचं हे नेहमीचं वेळापत्रक. त्यातून त्याच दिवशी ग्रँड पॅलेस ठरलेला असतो आणि संध्याकाळच्या बोटीचे पैसेही भरलेले असतात.

अशा वेळी मन दोन टोकांना धावतं. एक म्हणतं, एवढे पैसे खर्चून आलोय, गोळी घेऊन निघू. दुसरं म्हणतं, खोलीत पडून राहू. दोन्ही अंदाजपंचे. दिवस तिकिटावरून ठरवायचा नाही, तो लघवीवरून ठरवायचा. शरीरातून किती पाणी गेलं, तोंडावाटे किती टिकतंय आणि जिथं जायचं तिथून संडास आणि डॉक्टर किती लांब आहेत, एवढं कळलं की बाकीचे निर्णय आपोआप होतात.

पहाटेचा हिशोब

फोनमधली नोंदवही उघडा आणि वेळेसकट लिहायला लागा: जुलाब किती वाजता, उलटी किती वाजता, ताप किती, लघवी शेवटची कधी झाली आणि रंग कसा होता. आजारी माणसाला स्वतःच्या वेळा आठवत नाहीत. "सकाळपासून बरेचदा" या उत्तराचा डॉक्टरला काही उपयोग नसतो. "४.१०, ४.५०, ५.४०, तिन्ही पाण्यासारखे, रक्त नाही, ताप ३७.८ सेल्सिअस" हे उत्तर पाच मिनिटं वाचवतं. थर्मामीटर भारतातून न्यावा. कपाळाला हात लावून ताप बघायला बरोबर दुसरं कोणी नसतं, आणि स्वतःच्या कपाळावरचा स्वतःचा हात काही सांगत नाही.

चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब म्हणजे प्रवाशांचा अतिसार. बहुतेकदा तो जिवाणूंमुळे होतो आणि तीन ते पाच दिवसांत आपला आपण थांबतो. पण सगळ्यांना तेवढी वाट पाहता येत नाही. गरोदर बाई, पासष्टीच्या पुढचे, मूत्रपिंडाचा त्रास असलेले, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे यांनी त्याच सकाळी डॉक्टर गाठावा. मधुमेहींनी विशेष जपायचं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात. अंगात पाणी कमी असताना ती तशीच चालू ठेवली तर रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि तेही कधीकधी साखरेचा आकडा फार वर न जाता. मेटफॉर्मिनचंही अशा दिवशी काय करायचं हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावं. पहाटे पाचला, भारतात साडेतीन वाजलेले असताना, फोन करून विचारायची ही गोष्ट नाही.

आता पलंगावरून उठून दोन मिनिटं उभे राहा. डोळ्यांपुढे अंधारी आली, ताप ३८.५ सेल्सिअसच्या (सुमारे १०१.३ फॅरनहाइट) वर गेला, शौचात रक्त किंवा आव दिसली, सहा तासांत लघवीच झाली नाही किंवा पाण्याचा घोटही टिकत नाही, यांतलं एकही असेल तर आजचं फिरणं संपलं. थेट दवाखान्याचा भाग वाचा. यांतलं काही नसेल तर दुपारपर्यंतचा वेळ जलसंजीवनीला, म्हणजे ओआरएसला, द्या. दोन-तीन तासांत जुलाब थांबले, पिवळसर लघवी झाली आणि थोडी पेज पोटात राहिली, तर अर्धा दिवस वाचवता येतो.

पाकीट एक लिटरचं, बाटली सहाशेची

सर्वाधिक चुका इथेच होतात. भारतातून नेलेलं ओआरएसचं मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं आणि ते एक लिटर पाण्यासाठी असतं. थायलंडमध्ये दुकानात मिळणारी पाण्याची साधी बाटली बहुधा ६०० मिलिलिटरची. घाईत माणूस अख्खं पाकीट त्या बाटलीत ओततो. पाणी दीडपटीहून जास्त तीव्र होतं, आतड्यातून अंगात जाण्याऐवजी अंगातलंच पाणी आतड्याकडे ओढतं, आणि जुलाब वाढले म्हणून माणूस आणखी घाबरतो.

उपाय सोपा आहे. २०० मिलिलिटरची छोटी पाकिटं न्यायची. तीन पाकिटं आणि एक बाटली, हिशोब बरोबर जुळतो. मोठंच पाकीट असेल तर दीड लिटरची बाटली घ्या, त्यातलं एक तृतीयांश पाणी दात घासायला दुसरीकडे काढून ठेवा आणि उरलेल्यात पाकीट टाका. अर्धं पाकीट अंदाजानं टाकू नका. भुकटीतले क्षार तळाशी बसलेले असतात, त्यामुळे अर्ध्यात नेमकं काय आलं ते कळत नाही. तयार केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्यायचं.

पाकिटं संपली तर थाई दुकानातही मिळतात. त्यांना तिथं "क्लुआ रॅ" म्हणतात, म्हणजे खनिज क्षार. इथंही एक खोच आहे. याच नावाखाली दोन प्रकार विकले जातात: जुलाबासाठीचं आणि व्यायामानंतर घाम भरून काढण्यासाठीचं. दुसऱ्यात साखर जास्त आणि मीठ कमी. जुलाबात ते प्यायलं तर पोट अधिकच ढवळतं. पाकिटावर इंग्रजीत ओआरएस अशी अक्षरं आहेत ना ते पाहा. ओआरटी असेल तर ते खेळाडूंचं. पाणी किती घालायचं याचा आकडा कंपनीगणिक बदलतो, तोही वाचा. एवढ्याशा पाकिटाला लिटरभर पाणी लागेल असं गृहीत धरू नका.

काहीच मिळालं नाही तर एक लिटर बाटलीबंद पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, वरची शीग काढून टाकलेला. शहाळं चालतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून एकट्या शहाळ्यावर दिवस काढू नये. कोला, डबाबंद रस आणि टेट्रा पॅकमधली गोड "एनर्जी" पेयं बाजूला ठेवा. ग्लुकोजच्या आधारानं सोडियम आणि त्यामागून पाणी आतड्याच्या भिंतीतून आत जातं, म्हणून दोघांचं प्रमाण जुळावं लागतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी असंच साधं मिश्रण पाजून मृत्यू रोखले. बँकॉकमधल्या पोटदुखीला ते पुरेल की नाही ही शंका नको. ते प्रमाणात केलंय की नाही, एवढीच शंका घ्यावी.

किती प्यायचं? मोठ्या माणसानं प्रत्येक पातळ जुलाबानंतर २०० ते ४०० मिलिलिटर, आणि मधल्या वेळात तहान लागेल तसं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करायचं, पण ग्लासानं नाही. दर मिनिटा-दोन मिनिटाला एक चमचा. घटाघटा प्यायलेलं परत बाहेर येतं आणि मग "पाणीही टिकत नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

गोळ्या: कुठली, कधी, कुठली नाही

लोपेरामाइड आजार बरा करत नाही, आतड्याची चाल मंद करते. मेट्रोत किंवा टॅक्सीत तासभर काढायचा असेल तेवढ्यापुरती ती कामाची. २ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सुरुवातीला, नंतर प्रत्येक पातळ जुलाबानंतर एक, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसात चारपेक्षा जास्त नाही आणि दोन दिवसांच्या पुढे नाही. रक्त पडत असेल किंवा ताप चढलेला असेल तर मुळीच नाही. तेव्हा जे बाहेर पडायला हवं ते आत कोंडलं जातं.

प्रतिजैविकांबाबत आपल्याकडची एक सवय तिथं नडते. नॉरफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोल यांची जोडगोळी घरोघरी डब्यात असते, आणि जुलाब लागले की तीच तोंडात जाते. आग्नेय आशियात जुलाबामागे कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू बऱ्याचदा असतो आणि तिथं तो या गटाच्या औषधांना मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही. त्यामुळे तिथले डॉक्टर गरज पडली तर सहसा अझिथ्रोमायसिन निवडतात. सौम्य जुलाबाला कुठलंच प्रतिजैविक लागत नाही.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. क्रोसिन आणि डोलो म्हणजे तेच. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, आणि ज्यात आयबुप्रोफेन मिसळलेलं आहे ती कॉम्बिफ्लाम टाळा. एक तर पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडाला ती झेपत नाहीत, आणि ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल दोन मात्रांमध्ये सहा तासांचं अंतर ठेवून घ्या आणि उपाशी असताना दिवसाला तीन ग्रॅमच्या आत राहा. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायचं राहून जातं.

थाई औषधाच्या दुकानाला "रान खाय या" म्हणतात, आणि ती गल्लोगल्ली आहेत. जुलाब म्हटलं की तिथं बरेचदा कार्बनच्या काळ्या गोळ्या पुढे करतात. त्या घेतल्या तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. शौचाचा रंग काळा होतो, त्याला पोटातलं रक्त समजून घाबरू नका (आणि खरंच रक्त असेल तर ते या रंगात झाकलं जातं). शिवाय कार्बन इतर औषधंही शोषून घेतं, म्हणून रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या किंवा गर्भनिरोधक गोळीपासून किमान दोन तासांचं अंतर हवं.

भारतातून औषधं नेताना आणखी एक काळजी घ्या. सर्दीच्या काही गोळ्यांतलं सुडोएफेड्रिन आणि झोपेसाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम ही थायलंडमध्ये कडक नियंत्रणाखाली आहेत. ट्रामाडॉल आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही खिशात सहज टाकून नेऊ नये. लागतच असतील तर थाई अन्न व औषध प्रशासनाचे नियम आधी पाहा, चिठ्ठी बरोबर ठेवा आणि गोळ्या मूळ पाकिटातच न्या. जुलाबासाठी लोमोटिल नेत असाल तर ती घरीच राहू द्या. तिच्यातलं डायफेनॉक्सिलेट अफूच्या कुळातलं आहे, आणि लोपेरामाइड असताना तिची गरजही पडत नाही.

खोलीबाहेर पडण्याआधी कुणाला तरी कळू द्या

एकट्याच्या आजारपणात खरा धोका जुलाबाचा नसतो. खोलीत चक्कर येऊन पडलं तर कुणाला पत्ता लागत नाही, धोका तो असतो. म्हणून हॉटेलच्या काउंटरवर सरळ सांगा: अमुक खोली, पोट बिघडलंय, एकटा आहे, दुपारी दोनपर्यंत दिसलो नाही तर दार वाजवा. दारावर "त्रास देऊ नका" ही पाटी लटकवू नका. आतून साखळीही लावू नका, कुलूप पुरे.

घरच्यांना निरोप देताना मोघम लिहिलं की तिकडे आई रात्रभर जागते. "बरं नाही" असं लिहिण्यापेक्षा असं लिहा: "चार जुलाब झाले, ताप नाही, ओआरएस पितोय, दुपारनंतर वाट फो मंदिर बघून परत खोलीवर. तुमच्या साडेबारा वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर हॉटेलला फोन करा," आणि खाली हॉटेलचा नंबर. बँकॉकची वेळ भारताच्या दीड तास पुढे आहे. वेळ त्यांच्या घड्याळाची द्या, म्हणजे गणित चुकणार नाही. व्हॉट्सॲपवरचं लाइव्ह लोकेशन आठ तासांसाठी चालू करा आणि पॉवर बँक बरोबर घ्या.

फोनच्या कुलूपबंद पडद्यावर आपत्कालीन माहिती भरलेली असावी: नाव, वय, चालू औषधांची मूळ नावं, ॲलर्जी, घरचा क्रमांक. ब्रँडची नावं तिथं चालत नाहीत. भाषांतराच्या ॲपवरून "मला जुलाब होत आहेत", "मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे" अशी चार वाक्यं थाईत करून त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा, कारण नेट नेमकं तेव्हाच जातं. तोंडानं बोलायचे मोजके शब्द असे: जुलाब "थॉङ सिया", औषधाची ॲलर्जी "फॅ या", संडास "हॉङ नाम", दवाखाना "रोङ फयाबान". ताप आलाय याला "मी खाय". हे लक्षात ठेवायला मराठी माणसाला कष्ट पडू नयेत. मात्र थाईत सुरावर अर्थ बदलतो, म्हणून बोलण्याबरोबर पडदाही दाखवा.

अर्ध्या दिवसाचा मार्ग

जुना बँकॉक म्हणजे रत्तनकोसिन. ग्रँड पॅलेस हा राजवाडा, वाट फो आणि नदीपलीकडचं वाट अरुण ही मंदिरं (थाईत "वाट" म्हणजे मंदिर), तिन्ही एकमेकांच्या टप्प्यात. निरोगी माणूस एका दिवसात तिन्ही करतो. आज एकच करायचं, आणि ते वाट फो.

ग्रँड पॅलेस का नाही? खांदे आणि पाय झाकणारे कपडे सक्तीचे, आवार उघडं, सावली तुरळक, गर्दी दाट, आणि एकदा आत शिरलं की मधूनच बाहेर पडायला बरंच चालावं लागतं. परदेशी पाहुण्यांचं तिकीट ५०० बाट (थाई चलन) आहे. ते वाया गेलं तर गेलं. चक्कर येऊन पडल्यावर होणारा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो. वाट फोमध्ये झाडं आहेत, ओवऱ्यांची सावली आहे, बसायला कट्टे आहेत, स्वच्छतागृहं आहेत, आणि ३०० बाटच्या तिकिटात पाण्याची एक छोटी बाटलीही येते. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. पायांच्या तळव्यांवर शिंपल्याचं जडावकाम आहे, आणि त्याच्यामागून चालताना १०८ भांड्यांत नाणी टाकल्याचा आवाज येत राहतो. हे सगळं पाऊण तासात, न दमता बघून होतं. तिथं पारंपरिक थाई मालिशची प्रसिद्ध शाळाही आहे. आज मोह आवरा. अंगात पाणी कमी असताना पोट आणि पाय दाबून घेतले की उठताना भोवळ येते.

जायचं कसं, हाही प्रश्न आहे. चाओ फ्राया नदीवरची नारंगी झेंड्याची बोट स्वस्त आणि सुंदर, पण ती डुलते, बऱ्याचदा उभं राहावं लागतं आणि तिच्यात संडास नसतो. आज मेट्रोच्या निळ्या मार्गानं सनाम चाय स्थानकाला उतरा. गारव्यात प्रवास होतो, वाटेत कुठल्याही स्थानकावर उतरता येतं, आणि वाट फो तिथून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. स्थानकाच्या वर आल्याबरोबर म्युझियम सियाम आहे. सोमवारी ते बंद असतं, एरवी दहाला उघडतं. ऊन सोसवेना झालं तर आत वातानुकूलित दालनांत तास-दीड तास आरामात जातो, आणि थाई असणं म्हणजे काय हे तिथं मंदिरापेक्षा मजेत समजतं.

मंदिर सकाळी आठला उघडतं, पण आजचा हिशोब वेगळा. सकाळची उन्हं टाळून साडेतीनच्या पुढे पोचलं तरी चालतं. मार्च ते मे असेल तर दुपारी अकरा ते तीन बाहेर पाऊल टाकू नका. जुलाबानं गेलेल्या पाण्यात घामाची भर पडली की उष्माघाताला वेळ लागत नाही. वीस मिनिटं चाललं की दहा मिनिटं सावलीत बसायचं आणि बसलं की दोन घोट प्यायचे.

खांद्यावरच्या पिशवीत काय हवं: तयार जलसंजीवनीची बाटली आणि आणखी तीन कोरी छोटी पाकिटं, दोन लोपेरामाइड, टिश्यू, हात धुण्याचा साबणाचा तुकडा, जादा अंतर्वस्त्र आणि एक प्लास्टिकची पिशवी. अल्कोहोलचं सॅनिटायझर जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसवर फारसं चालत नाही, म्हणून साबण. थाई संडासात पाण्याची फवारणी असते, ही आपली सोय. टिश्यू मात्र भांड्यात नाही, बाजूच्या डब्यात टाकायचा. धक्क्यांवर आणि बाजारांत काही ठिकाणी पाच-दहा बाट घेतात, सुटी नाणी ठेवा. कपडे खराब झालेच तर पॅलेसच्या आसपास हत्तीछाप सैल पायजमे ढिगानं विकायला असतात, तोच घालून परत या.

एक इशारा. पॅलेसच्या भिंतीजवळ कुणी नीटनेटका गृहस्थ येऊन सांगेल की आज मंदिर बंद आहे, वीस बाटमध्ये टुकटुकनं (थाई रिक्षानं) दुसरी मंदिरं दाखवतो. मंदिर बंद नसतं. ती टुकटुक रत्नांच्या आणि शिंप्याच्या दुकानांत थांबते. धडधाकट माणूस वाद घालतो. थकलेला माणूस सावली दिसली म्हणून चढतो, आणि तासाभरानं शहराच्या अनोळखी कोपऱ्यात संडास शोधत बसतो.

वाट अरुणला जायचंच असेल तर ता तियनच्या धक्क्यावरून पलीकडे नेणारी होडी पाच बाटला मिळते आणि दोन-तीन मिनिटांत पोचवते. पण त्याच्या पायऱ्या फार खड्या आहेत. अलीकडच्या काठावरून संध्याकाळी दिसतं तेवढं पुरे. एका तासात दोनदा संडासला जावं लागलं, चालताना डोकं हलकं वाटलं किंवा पोटात सतत कळ राहिली, तर तिथूनच परत. "आलोच आहोत तर" हे वाक्य आज वापरायचं नाही.

खायचं काय

थाई लोकांनाही आजारपणात पेजच लागते. साधी पेज म्हणजे "खाव तोम प्लाव", भात आणि त्याचं पाणी. कोकणातल्या माणसाला ओळख करून द्यायला नको. "जोक" ही दाट, घोटलेली पेज. मात्र तिच्यात सहसा डुकराचं मांस असतं. शाकाहारींनी "जे" हा शब्द वापरायचा, कारण नुसतं मांस नको म्हटलं तर माशाचा सॉस येतोच. केळं चालतं, भाजलेला पाव चालतो. दूध घातलेला थाई चहा, पपईची तिखट सोम तम आणि कापून ठेवलेली फळं दोन दिवस विसरा. वरणभातावाचून चालत नसेल तर सनाम चायपासून एकच स्थानक पुढे साम योत, तिथून जवळ पाहुरत हा भारतीय वस्तीचा भाग आहे. बिनतिखट डाळ आणि भात सांगून करून घेता येतो.

दवाखान्याची वेळ

रुग्णवाहिकेसाठी १६६९, आणि इंग्रजीतून बोलायचं तर पर्यटक पोलिसांचा ११५५. शुद्ध हरपत असेल, श्वास लागत असेल किंवा रक्त थांबत नसेल तर १६६९. नुसतं निथळून गेल्यासारखं वाटत असेल तर ग्रॅब या ॲपवरची गाडी बऱ्याचदा लवकर येते. हॉटेलच्या माणसाला बरोबर पाठवतात का, हे विचारायला लाजू नका.

जुन्या भागात असाल तर नदीपलीकडे सिरिराज रुग्णालय आहे. १८८८ सालचं, सरकारी, थेट वांग लांगच्या धक्क्याला लागून. ता चांगहून होडीनं समोरासमोर पोचता येतं. बाह्यरुग्ण विभागात रांग मोठी असते. त्याच आवारालगत सिरिराज पियमहाराजकारुण हे खासगी पद्धतीनं चालणारं रुग्णालय आहे, तिथं पैसे जास्त आणि थांबणं कमी. सुखुमवितच्या बाजूला असाल तर सोई (गल्ली) ३ मधलं बम्रुंगराड रुग्णालय परदेशी रुग्णांना सरावलेलं आहे. ताप चार दिवस हटत नसेल तर व्हिक्टरी मॉन्युमेंटजवळचं महिडोल विद्यापीठाचं उष्णकटिबंधीय रोगांचं रुग्णालय, कारण त्यांचं रोजचं कामच ते.

नेताना पासपोर्ट, विम्याची पॉलिसी आणि कार्ड. दाखल व्हायची वेळ आली तर सही करण्याआधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि संदर्भ क्रमांक लिहून घ्या. दावे फेटाळले जाण्याचं एक मोठं कारण उशिरा कळवणं हे असतं. नुसत्या तपासणीचा खर्च बहुधा आधी आपल्याच खिशातून जातो आणि डिडक्टिबल (पॉलिसीत ठरलेला आपला वाटा) वजा होऊन परत मिळतो. बाहेर पडताना चार कागद इंग्रजीत मागून घ्या: निदान लिहिलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र, तपशीलवार बिल, पैसे भरल्याची पावती, आणि औषधांची मूळ नावं असलेली चिठ्ठी. नुसती कार्डाची स्लिप विमा कंपनीला पुरत नाही. भारतीय दूतावास सुखुमवित सोई २३ मध्ये आहे. तो बिल भरत नाही, पण घरच्यांशी संपर्क आणि हरवलेला पासपोर्ट या बाबतीत उपयोगी पडतो.

तापाबद्दल एक हिशोब लक्षात ठेवा. डेंग्यू डास चावल्यापासून साधारण चार ते दहा दिवसांनी दिसतो. बँकॉकला पोचून दुसऱ्याच दिवशी डेंग्यूचा ताप आला तर तो डास पुण्याचा किंवा ठाण्याचा होता. म्हणून डॉक्टरांना नुसतं थायलंडचं नाही, आधीच्या दोन आठवड्यांचं ठिकाण सांगा. ताप उतरल्यावर पोट तीव्र दुखलं, सतत उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच परत दवाखान्यात जायचं. डेंग्यूत बिघडण्याची वेळ तीच असते.

परतीचं विमान आलं तर

दाखल व्हावं लागलं आणि राहण्याची मुदत संपत आली, तर रुग्णालयाचं पत्र घेऊन चेंग वत्तनाच्या इमिग्रेशन कार्यालयात मुदतवाढ मागता येते. मुदत उलटून राहिलं तर दिवसाला ५०० बाट दंड, कमाल २०,०००. आजारी होतो हे विमानतळावर तोंडी सांगण्यापेक्षा आधी कागद केलेला बरा.

त्याच रात्री उडायचं असेल तर चेक-इनला आतल्या बाजूची, म्हणजे मार्गिकेलगतची, मागची सीट मागा. पट्टे बांधण्याचा दिवा लागला की संडास बंद होतात, म्हणून विमानात चढण्याआधी शेवटचं जाऊन या. जुलाब थांबलेले असले तरी त्या चार-पाच तासांसाठी एक लोपेरामाइड हाताशी असू द्या. सुरक्षातपासणीत १०० मिलिलिटरच्या वरचं द्रव काढून घेतात, तयार जलसंजीवनीसुद्धा. पाकिटं कोरडीच ठेवा, सहाशेची रिकामी बाटली घेऊन आत जा, आणि पलीकडच्या पिण्याच्या पाण्याच्या नळावर भरून तिथंच तीन छोटी पाकिटं मिसळा.